लव्हाळ्यातली नाव

चूक काकूचीच होती, आणि ती ते नाकारतही नव्हती. तळ्याकाठच्या बागेत नावा भाड्याने द्यायचं काम तिचं. सासऱ्यांची जुनी लाकडी नाव तिने लव्हाळ्यात अर्धवट बुडवून ठेवली, फळ्या फुगून फटी मिटाव्यात म्हणून, आणि कामाच्या धबडग्यात साफ विसरली. आठवण झाली तोवर पाणकोंबडीने आत घरटं थाटून अंडी घातली होती. "अगं बाई, तुला दुसरी जागाच नव्हती?" म्हणत काकू हसली आणि लव्हाळं सारून परत आली.

नेमकी तीच नाव बागेच्या साहेबांना हवी झाली. तळं म्हणजे पूर्वीची वाळूची खाण. तिच्यात पाणी भरलं तेव्हा सासऱ्यांनी याच नावेतून पहिल्यांदा लोकांना फिरवलं होतं. आता नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना तिच्यात बसवून फोटो काढायचा होता.

"पिल्लं बाहेर पडू देत, मग न्या," काकू म्हणाली.

"एका पाणकोंबडीसाठी? उद्या नाव धक्क्याला दिसली नाही, तर किल्ल्या ठेवून चालू लागा."

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर चालत होतं ते याच कामावर. तिकीट खिडकीत बसणारी नणंद कळवळून म्हणाली, "वहिनी, पडतं घे गं."

"तुझे अण्णा भरली नाव थांबवून बदकांना वाट द्यायचे. विसरलीस? मी नाही पडतं घेणार!"

दुसऱ्या दिवशी साहेब दोन माणसं घेऊन आले. काकूने किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या, खिडकीतून तिकीट काढलं आणि थेट पाण्यात उतरली. पक्षी बुजणार नाही इतकं अंतर राखून ती लव्हाळ्याच्या तोंडाशी कमरभर पाण्यात उभी राहिली.

"हा काय तमाशा?" साहेब ओरडले.

"काम तुमचं होतं, ते परत दिलं. नाव माझ्या घरची आहे. आणि मी तिकीट काढून आलेय. हलवून दाखवा!"

माणसं काकूला हात जोडून मागच्या मागे निघून गेली. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. साहेबांनी घाईघाईने त्यांना प्लॅस्टिकच्या हंसनावेत बसवलं आणि पायडल मारायला कुणी नाही म्हणून स्वतःच घाम गाळत बसले.

धाडकन तिकीट खिडकी बंद झाली. नणंद कपडे वर खोचून पाण्यात आली.

"सरक गं वहिनी," ती म्हणाली. "मीही तिकीट काढलंय."