गाण्यातली आई

"बंद कर ते, ऑर्तेंग."

लुडी माझ्या टपरीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. रेडिओवर तिच्याच पोराचं गाणं लागलं होतं आणि पेजेसाठी थांबलेली गिऱ्हाइकं माना हलवत साथ देत होती:

उन्हात मी भाजलो, पावसात मी भिजलो,
आईनं हात पसरला, म्हणून मी जगलो!

मी रेडिओ बंद करून मोकळी झाले. एक जण कुरकुरला, पण लुडीनं नुसतं बघितल्यावर मुकाट्यानं वाटी घेऊन बाकावर जाऊन बसला.

ही लुडी आमच्या तोंदो वस्तीच्या नाक्यावर जीपा भरते. म्हणजे "दिविसोरिया! दिविसोरिया! अजून दोघं! सरका की आत, मांड्या काय घरी ठेवून यायच्या?" असं ओरडून दिविसोरियाच्या बाजाराला जाणारी माणसं गोळा करायची, गाडी भरली की टपावर थाप मारायची, आणि ड्रायव्हर निघता निघता तिच्या हातावर नाणं ठेवणार. नवरा बोटीवर नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून हाच धंदा. पोरगा रेमार्क फुटपाथवर पुठ्ठ्याच्या खोक्यात बसलेला असायचा. माझ्या पेजेवर वाढलाय म्हणा ना! पुरात खोपटं वाहून गेलं तेव्हा मायलेकरं पुलाखाली राहिली, आणि त्यातच पोराची शाळा सुटली.

शाळा सुटली, पण तोंड काही बंद झालं नाही. आईच्या ओरडण्यावर ताल धरून प्रवाशांवर यमकं जुळवायचा. एका जाड्या बाईवर जुळवलं, तर तिनं पिशवीतला मासा फेकून मारला. लुडीनं तो रात्री तळला. पुढे बास्केटबॉलच्या मैदानावर पोरांच्या शब्दांच्या झुंजी व्हायला लागल्या. एकमेकांची खानदानं काढायची, पण यमकात! तिथे आमच्या रेमार्कनं भल्याभल्यांना गप्प केलं. कुणीतरी फोनवर टिपलं, गाण्यांच्या कंपनीवाले शोधत आले, आणि मग हे गाणं आलं. आता बसवर त्याचं तोंड, सरबताच्या बाटलीवर त्याचं तोंड. सगळा देश गाणं ऐकून रडला. फक्त आई त्याच्याशी बोलायची बंद झाली. त्यानं घेतलेल्या घरात तिनं पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

आणि आज जत्रेचा दिवस. संध्याकाळी आमच्याच मैदानावर त्याचा कार्यक्रम होता, आपल्या वस्तीत पहिल्यांदाच.

दुपारी तो आला. गाडी लांब उभी करून, टोपी डोळ्यांवर ओढून. आधी वाकून माझा हात कपाळाला लावला; आमच्याकडे मोठ्यांचा आशीर्वाद असाच घेतात. मग आईकडे वळला, तर लुडीनं हात पाठीमागे घेतला. आमच्यात कुठलीही आई पोराला हात नाकारत नाही.

"भिकारणीचा हात कशाला लावतोस कपाळाला?" लुडी म्हणाली.

"आई, अगं गाणं आहे ते. लोक रडतात ऐकून."

"रडू देत की! पण माझ्या नावानं कशाला? मी कधी रडले रे? ऑर्तेंग, मला कधी रडताना बघितलंस?"

"एकदा दाढ दुखत होती तेव्हा," मी म्हटलं.

"तू गप!"

रेमार्कचा आवाज बारीक झाला. "मी बघितलंय ना, आई. तिथेच बसायचो मी. जीप निघाली की तू धावत जाऊन हात पुढे करायचीस. मला इतकं वाईट वाटायचं…"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. खोक्यात बसलेल्या लेकराला खालून तेवढंच दिसलं असणार. लुडीनं हनुवटीनंच रस्त्याकडे दाखवलं.

"बेर्तिंगकाकांची जीप लागलीय. भर."

"आत्ता? अगं, लोक ओळखतील."

"ओळखू देत! बाटलीवर तोंड छापून घेताना बरं चाललं?"

गेला बिचारा. "दिविसोरिया!" म्हणून ओरडला मात्र, पोरींचा थवाच जमला. फोटो काय, किंचाळणं काय! जीपमध्ये एक माणूस चढेना. बेर्तिंगकाकांनी हॉर्नवर हात दाबून धरला.

"अरे, मिरवायला आलायस का?" लुडी इकडून ओरडली. "त्या म्हातारीला हात दे! कोंबड्यावाल्याला मागे बसव, नाहीतर चोच मारेल कुणाला!"

रेमार्कनं टोपी काढून खिशात कोंबली. म्हातारीला उचलून बसवलं, कोंबड्यावाल्याशी भांडला, पोरींना हात जोडून वाट करायला लावली. इतक्या मोठ्या गाणाऱ्याचा घसा बसायची वेळ आली. शेवटी कशीबशी जीप भरली आणि त्यानं टपावर थाप मारली. गाडी हलली, बेर्तिंगकाकांचा हात खिडकीबाहेर आला, आणि रेमार्क हात पुढे करून धावला. नाणं तळहातावर पडलं. भर रस्त्यात तो आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. मागून रिक्षावाले शिव्या घालत होते, त्याचं लक्षच नव्हतं.

परत आला तेव्हा लुडीनं विचारलं, "काय रे, भीक मागितलीस?"

"नाही."

"मग?"

"माझंच होतं ते."

"हां," लुडी म्हणाली. "जा आता. धंद्याची वेळ आहे."

संध्याकाळी मैदानात मुंगीला जागा नव्हती. मी पातेलं घेऊन मागे बसले होते. लुडी येणार नाही असं धरूनच चालले होते, पण आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

गाणं सुरू झालं. त्या ओळीवर रेमार्कनं म्हटलं, "आईनं जीपा भरल्या…" पण ऐकतो कोण! हजारो गळ्यांनी "हात पसरला" म्हणत त्याला बुडवून टाकलं.

"झालं," लुडी म्हणाली. "चिकटलं ते मला आता जन्माचं."

तेवढ्यात रेमार्कनं हात वर करून वाजवणाऱ्यांना थांबवलं. कंपनीचा माणूस कडेला उभा राहून हातवारे करत होता. रेमार्कनं तिकडे पाहिलंच नाही.

"चुकलंय ते," तो म्हणाला. "माझंच चुकलंय. माझ्या आईनं कुणापुढे हात पसरला नाही. काम केलंय तिनं, आणि कामाचे पैसे घेतलेत. पुन्हा म्हणा."

लोक हसले. निम्म्यांनी परत चुकीचंच म्हटलं. त्यानं परत थांबवलं. मग मात्र अख्खं मैदान एका आवाजात गरजलं: आईनं जीपा भरल्या, म्हणून मी जगलो! मी तर पळी हातात धरून ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू? लुडीनं मान खाली घातली होती. तिचे ओठ मात्र हलत होते.

गाणं संपायच्या आत ती म्हणाली, "निघते मी."

"अगं, शेवटपर्यंत तरी थांब!"

"एवढी माणसं सुटली की जीपा कोण भरणार? तुझी पेज?"

ती गर्दीतून वाट काढत निघाली. रेमार्कनं स्टेजवरून पाहिलं. मला वाटलं, आता हा आईला वर बोलावणार, गळ्यात पडणार, आणि पुन्हा सगळ्यांना रडवणार. त्यानं तसं काही केलं नाही.

"घरी जाताना कुणी चालत जाऊ नका," तो माइकवर म्हणाला. "नाक्यावर जीपा आहेत. भरायला माझी आई उभी आहे. ती सांगेल तसं सरकून बसा."

लुडीनं मागे वळून पाहिलं नाही. खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि झपाझप पावलं उचलली. पहिली जीप लागली होती.