पाय नुसता ठेवायचा

"आधी पडायला शिकव, मग पाडायला. हा क्रम मोडू नकोस, चंद्रा," विशाखाबाई म्हणाल्या. चंद्रप्रभा ओसरीवर बसून गोदूच्या पायात वाळे चढवत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "बघते, बाई." बघते म्हणजे नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

हाताशी आठ दिवस होते. नणंदेचं, सिंधूचं लग्न तोंडावर आलेलं. माडीवर कुरडयांची वाळवणं पसरलेली, आणि अठरा वर्षांची ही पोर नांदेड सोडून लातूरला जायची होती. त्या वर्षी निजामाच्या मुलखात वाटेवर कोण कुणाला अडवील याचा नेम उरला नव्हता. आगगाडी वेळेवर सुटली तरी लोक देवाला हात जोडत. दागिने दोन्ही घरचे घालतील, चंद्रप्रभेला वाटे, पण वहिनी म्हणून आपण तिला एकच गोष्ट द्यायची: कुणी अंगावर आलंच तर त्याला भुईवर घालून तिला पळता आलं पाहिजे. सिंधू सुखरूप राहिली पाहिजे, बस.

ही विद्या चंद्रप्रभेकडं आली ती एका स्वप्नाच्या पायी. गोदू झाल्यापासून तिचा दुपारी डोळा लागला की ती नदीच्या घाटावर उभी असायची, कडेवर लेक. पायऱ्या लोण्यासारख्या मऊ होत जायच्या आणि ती पडायची. पडतच राहायची. खाली कुठं जमीनच नसायची. दचकून उठली की आधी गोदूच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. हैदराबादेत इंटरपर्यंत शिकलेली बाई, पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला, मार्तंडरावांना, एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "दुपारचं झोपू नको." शेवटी एका हळदीकुंकवाला तिनं विशाखाबाईंपाशी तोंड उघडलं. बाई मुलींच्या शाळेत शिकवत. तरुणपणी त्या बंगालात राहून आल्या होत्या आणि तिथं एका जपानी गुरुजींकडून जूडो नावाची कुस्ती शिकल्या होत्या. गावात हे फारसं कुणाला माहीत नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं पडणं अर्धं राहतंय. ते पुरं करायला माझ्याकडं ये."

बाईंच्या परसात भुश्शावर जुन्या वाकळा अंथरलेल्या असत. चंद्रप्रभा महिनाभर तिथं नुसती पडली. पुढं, मागं, कुशीवर. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पोटाकडं, आणि जमीन आपल्याला लागायच्या आधी आपण अख्ख्या हातानं जमिनीला थाप द्यायची. "हात पुढं टेकायचा नाही," बाई दर वेळी बजावत. "अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. टेकलेला हात हा मोडलेला हात." वैशाखाच्या दुपारी लिंबाची सावली वाकळांवर हलायची. थाप पडली की भुश्शाचा सोनेरी धुरळा उठायचा आणि गोदू पाळण्यातून खिदळायची. महिन्याअखेरी घाटाचं स्वप्न पुन्हा पडलं. पायऱ्या मऊ झाल्या, ती पडली आणि या खेपेला टेकली. कापसासारखं काहीतरी होतं खाली. ती उठून बसली, पदर झटकला आणि स्वप्नातच घरी चालत गेली. त्या दिवशी ती दिवेलागणीपर्यंत झोपली.

मग पाडणं. बाईंनी तिला एकच डाव दिला. "बाकीच्यांना ताकद लागते. याला वेळ साधावी लागते."

डाव्या हातात समोरच्याची बाही, कोपराच्या वर. उजव्या हातात छातीवरची पट्टी. झटका द्यायचा नाही. फुललेली पुरी झाऱ्यानं अलगद उचलावी तसं त्याला वर आणि पुढं काढायचं, टाचा सुटेपर्यंत. टाचा सुटल्या की माणूस अर्धा आपला. मग वळून त्याच्याकडं पाठ करायची, गुडघे वाकवायचे, उजवा पाय त्याच्या उजव्या घोट्यापुढं आडवा ठेवायचा, आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसे दोन्ही हात गोल आपल्या डाव्या अंगाला न्यायचे. एवढंच. माणूस त्या पायावरून पलीकडं जातो.

चंद्रप्रभा आधी पाय टाकायची आणि मग ओढायची. बाई खांबासारख्या उभ्या राहायच्या.

"पायाला एवढी घाई का?"

"भीती वाटते, बाई. हातानं नाही जमलं तर पाय तरी असावा पुढं."

"म्हणून तर जमत नाही. अगं, उंबरठा कधी कुणाला लाथ मारतो? तो नुसता असतो. घाईनं आलेला आपणहून पडतो. पाय मारायचा नाही, नुसता ठेवायचा."

आणखी एक अडचण लुगड्याची होती. कॉलेजात गेल्यापासून ती गोल पातळ नेसे. पाय आडवा ठेवायला गेली की निऱ्या घोट्याला धरत आणि तिचीच ती पडे. शेवटी ट्रंकेतून आईचं इरकल काढलं, कासोटा घातला, आणि पाय मोकळा झाला.

तरी तोल जाईना. बाईंनी एक दिवस पाळण्यातली गोदू उचलून तिच्या डाव्या कडेवर दिली. "आता उभी राहा. रोज राहतेस तशी." चंद्रप्रभा उभी राहिली. "बघ, भार कुठाय?" सगळा भार डाव्या पायावर. उजवा पाय मोकळा, जरासा पुढं, भुईला नुसता टेकलेला. "वर्षभर तू याच डावात उभी राहिलीस. पोर खाली ठेव आणि तशीच उभी राहा."

तिनं पोर खाली ठेवली. बाईंची बाही धरली, टाचा सुटताना हातालाच कळल्या, ती वळली, पाय ठेवला, आणि साठीला आलेल्या विशाखाबाई झाडावरून पान गळावं तशा आवाज न करता गेल्या, आणि मग थाप! धुरळ्यात झोपल्या झोपल्या हसत होत्या. हैदराबादेत पदार्थविज्ञान उर्दूतून शिकताना तिनं मरकज-ए-सिक्ल, म्हणजे भाराचा मध्य, परीक्षेपुरता घोकला होता. तो पायाखालच्या जागेबाहेर गेला की वस्तू पडते. इतक्या वर्षांनी तो तिच्या हाताला लागला.

तर हे सगळं आठ दिवसांत सिंधूला द्यायचं होतं.

घरात एक शिरस्ता होता. मुलीची ओटी भरली की अक्षता पडेपर्यंत तिची पाठ भुईला लागू द्यायची नाही. ती बाजेवर झोपणार, पाटावर बसणार, ठेचसुद्धा लागता कामा नये. सासूबाई गेल्यावर असले सगळे शिरस्ते धुण्याभांड्याला येणाऱ्या विठाबाईच्या तोंडी होते. ती मूळची भोकरकडची. घरच्या परसातही लिंबाखाली वाकळा अंथरलेल्या बघून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"ह्ये काय चाललंय?"

"खेळ आहे विठाबाई, जपानचा."

"जपानचा आसू नाय तर विलायतचा आसू. ओटी भरल्याली पोर हाय. भुईला पाठ लागली तर म्या मालकास्नी सांगंन."

"पडणार मी. सिंधू फक्त पाडणार," चंद्रप्रभा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं ते. निघून गेल्यावर सोयीचं वाटलं. पडायला शिकायला महिना लागतो. तो होता कुठं? आणि पाडता आलं की पडायची वेळ येतेच कशाला?

"मंग पडा तुमी," विठाबाई म्हणाली. "सुनंला शिरस्ता न्हाई."

धरायला मजबूत कापड हवं म्हणून चंद्रप्रभेनं लुगड्यावर मार्तंडरावांची जुनी शेरवानी चढवली. सिंधू हसून हसून खाली बसायची राहिली. "वहिनी, तुम्ही अगदी तहसीलदार दिसता! दाद्याला बोलावू?"

"बोलाव. तुझ्याआधी मीच त्यांना पाडते."

"अगं, माझी शेरवानी कुठाय?" आतून मार्तंडरावांचा आवाज आला.

"धुवायला टाकलीय!" दोघी एकदम ओरडल्या.

सिंधूच्या अंगात डाव पाण्यासारखा शिरला. तिला भीती ठाऊक नव्हती, म्हणून पायाची घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी चंद्रप्रभेच्या टाचा कधी सुटल्या ते तिला कळलंही नाही. आभाळ फिरलं, लिंब उलटा झाला, कानाशी वारा आला आणि तिचा हात सवयीनं भुईवर थापला. त्या आठ दुपारींत ती किती वेळा पडली याची गणती नाही. पडून पडून एक सुखाची गुंगी यायची. सिंधूचे हात आपल्याला उचलून कुठंतरी ठेवताहेत, असं वाटायचं. सिंधू एकदाही पडली नाही. शेवटच्या दिवशी तिनं विचारलंसुद्धा, "वहिनी, पडताना कसं वाटतं हो?"

"लग्न झाल्यावर माहेरी ये. पंचमीला शिकवते."

ज्येष्ठात लग्न लागलं. वरात लातूरला गेली आणि कुणी कुणाला अडवलं नाही.

त्या साली श्रावण दोनदा आला. आधी अधिक, मग निज. पंचमी महिनाभर लांबली. लिंबाला झोक्याचा दोर बांधून झाला. चंद्रप्रभा दोराखाली वाकळा टाकी, ऊन आलं की काढी, पुन्हा टाकी. पण गाड्यांचा भरवसा नव्हता. सिंधूचे सासरे बापूसाहेब यांनी कळवलं, दिवस बरे नाहीत, सुनेला यंदा पाठवत नाही, पंचमी इथंच होईल. पहिली पंचमी सासरी! सिंधूचं पत्र आलं तेव्हा मात्र त्यात रडगाणं नव्हतं. इथं जावा-भावा पुष्कळ आहेत, आम्ही पंचमीला मजा करणार आहोत, एवढंच.

ती मजा कळली ती संगप्पाकडून. संगप्पा लातूरचा, आडतीवर कामाला, बापूसाहेबांच्या गल्लीतलाच. तुरीच्या सौद्यासाठी नांदेडला आला होता, निरोप घेऊन घरी आला.

"तुमच्या सिंधूबाईनं पंचमीला समदी गल्ली झोपवली की वो!" तो हसतच बसला. "आमच्या मंडळीनं सांगितलं. फुगडी झाली, झोका झाला, मग म्हणल्या जपानचा खेळ दावते. शेंगांच्या फोलपटावर एकेकीला आशी निजवली म्हणता! बायका हसून बेजार. मग थोरली जाऊ म्हणली, आता मला शिकव. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा साधलं बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे सिंधूबाई पडल्या की. फोलपट सोडून फरशीवर. उजवा हात पुढं टेकला म्हणं. बायका म्हणतात, कट्‌कन वाजलं. पर बायकांचं काय, तिळाचं ताड."

चंद्रप्रभेच्या हातातलं चहाचं ताट तसंच राहिलं. ती तिथं नव्हती, तरी तिला सगळं दिसलं. थोरल्या जावेचा पाय आडवा, अगदी बरोबर ठेवलेला. सिंधूच्या टाचा सुटलेल्या. आणि ती हवेत असतानाचा तो लांब, सावकाश क्षण. त्यात तिनं वहिनीला विचारलं असणार, आता काय करू? आणि वहिनीनं काही सांगितलेलंच नव्हतं, म्हणून तिनं हात पुढं केला. ज्याला शिकवलं नाही तो हात पुढंच करतो.

विठाबाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती नुसतं म्हणाली, "आता लग्न झालंय. आता भुईचं भ्या न्हाई." तिनं समजूत घातली होती, चंद्रप्रभेला ते चटक्यासारखं लागलं.

चार दिवसांनी बापूसाहेबांचं कार्ड आलं. चि. सौ. सिंधू हिचे हातास लचक भरली आहे, हाडवैद्याकडून पट्टा बांधविला आहे, काळजी नसावी. त्याखाली सिंधूची एक ओळ असायला हवी होती. नव्हती. त्यानंतर महिना झाला, कार्ड नाही. मार्तंडरावांनी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. कचेरी रजा देत नाही. ती स्वतः निघाली तर गोदू गोवरानं तापलेली. संगप्पा दिवाळीआधी इकडं फिरकायचा नाही. दुपारी डोळा लागला की तिला आता घाट दिसत नाही. लातूरचं एक अंगण दिसतं, आणि सिंधू पाठमोरी बसलेली, उजवा हात मांडीवर, पदराखाली.

म्हणून हे वाचणाऱ्यांना चंद्रप्रभा हात जोडून विचारते: तुमच्यापैकी कुणी लातूरकडं जाणार आहे का? बायामाणसांपैकी कुणी असेल तर फार बरं. गंजगोलाईच्या मागं बापूसाहेबांचं घर कुणीही दाखवील. सिंधूच्या माहेरच्या ओळखीची आहे म्हणा, आत घेतील. ती कशी आहे ते विचारू नका, बरी आहे म्हणेल. तिच्याकडं पाणी मागा. भरला तांब्या ती कुठल्या हातानं देते बघा. उजवा असेल तर मनगट सरळ आहे का, तळवा पुरता वर होतो का, बोटं सगळी मिटतात का, तेवढं नीट बघा. आणि डाव्या हातानं देऊ लागली तर पाणी खाली ठेवा, तिच्यापाशी घटकाभर बसा, आणि नांदेडला दोन ओळी टाका. असेल ते लिहा. चंद्रप्रभा रोज टपालवाल्याच्या वाटेवर उभी असते.