वाडीच्या नळाला रक्त येतं

अमावास्येला भर दुपारी वाडीच्या नळाला रक्त येतं, ही बातमी मार्गासनीच्या दुकानांतून निघाली ती थेट भोरपर्यंत गेली. लोक खिंड चढून यायचे. कुणी नारळ आणायचं, कुणी कोंबडं, आणि ज्याला काहीच जमत नसे तो नुसता बघायला यायचा. अडतीस सालच्या त्या चैत्रात तर टाकीभोवती मुंगीला वाट नव्हती.

ज्ञानू भगत अंगभर भंडारा फासून उभा. "हुं... हुं... वर आबाळ, खाली पाताळ, मदी पोलादाचा जाळ! सोनबा, दे रगत!" असलं काहीबाही बडबडत त्यानं नळाच्या वाकणावर काठीचे तीन ठोके मारले आणि तोटी सोडली. नळ आधी कण्हला, तापानं फणफणलेलं माणूस कण्हतं तसा, लांबलचक. मग लालभडक गोळे पडले, त्यांच्यामागून काळं पाणी आलं आणि सडक्या अंड्यांची घाण सुटली. बाया पदरानं नाक धरत होत्या आणि दुसऱ्या हातानं नमस्कार करत होत्या.

साळूबाई मागे चिंचेला टेकून उभी होती. सोनबा तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला असलेल्या वाडीच्या माणसांनी वर्गणी काढून पोलादी नळ आणि टाकी धाडली, डोंगरातला झरा वाडीत आणायला. नळ चरात उतरवताना दोर तुटला आणि सोनबा खाली सापडून मेला. नळ धुऊन पुसून तिथंच बसवला. दुसऱ्याच उन्हाळ्यात पाणी तांबडं यायला लागलं, मग पुढं काय विचारता. भगताला आयतं भूत मिळालं.

भगतानं उपायही सांगितला. आपल्याकडे देवाची पाळणूक असते, त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जातं ओढायचं नाही. भगतानं ती नळाला लावली. अवसेच्या आधी आठ दिवस तोटीला कुणी हात लावायचा नाही. वाडीनं मुकाट मानलं. बाया आठ-आठ दिवस नदीच्या डोहाचं पाणी वाहायच्या. आणि पाळणूक जितकी कडक, तितकं अवसेचं रक्त दाट. भगताचा शब्द खरा ठरायला आणखी काय पाहिजे?

चैत्रातल्या त्या अवसेला भगत बडबडता थांबला आणि त्यानं साळूबाईकडे काठी केली. "हिच्या वढीनं अडकलाय त्यो. फुडच्या अवसंला हिनं अनवानी वाडीची शीव वलांडायची. मागं बगायचं न्हाई, परत यायचं न्हाई. त्यो हिच्या मागनं निगून जाईल, वाडी सुटंल."

सावळाराम पाटील खाली बघून म्हणाले, "साळू, गावासाठनं कराया पायजे, बाई."

ती 'व्हय' म्हणाली. कुठं जाणार होती? तिचं माहेर भाटघरच्या धरणाखाली गेलेलं, भाऊबंद कुठं कुठं पांगलेले. पण तिला त्याचं भय नव्हतंच. तीन वर्षं रोज तिन्हीसांजेला ती त्या नळाला कान लावत होती. आत गुडगुड व्हायचं, मधेच कुणी दम टाकल्यासारखं व्हायचं. "लई दुकतंय का वं?" ती विचारायची. आपला माणूस पोलादात कोंडलाय, आणि आपल्यापायी कोंडलाय, हे ऐकल्यावर तिनं गाठोडं बांधायला घेतलं.

पुढची पाळणूक लागली त्याच दिवशी भोरच्या दवाखान्यातले रघुवीर कंपौंडर पटकीची सुई टोचायला आले. वाडीत दोघांना ढाळ-वांती लागली होती.

"घरचा नळ असताना डोहाचं पाणी का पिता?" त्यांनी विचारलं. साळूबाईनंच सगळं सांगितलं, सोनबापासून गाठोड्यापर्यंत. रघुवीर हसले नाहीत, घाबरलेही नाहीत. तोटीत बोट घालून त्यांनी लाल चिकटा काढला, वास घेतला.

"साळूबाई, कापलेल्या कोंबड्याच्या रक्तावर माशा बसतात ना? इथं कधी एक तरी माशी बसलेली बघितलीत?"

तिनं कधीच बघितली नव्हती.

रघुवीर झऱ्यावर गेले. तिथं काठाला तांबूस बुळबुळीत शेवाळ होतं. झऱ्याचं पाणी आणि त्या शेवाळाची चिमूट त्यांनी काचेच्या दोन बाटल्यांत भरली, दोन्हींत पोलादाचा एकेक तुकडा टाकला. एका बाटलीत जराशी पांढरी ब्लीचिंग पावडर घातली. दोन्ही बाटल्या त्यांनी भगतापुढं ठेवल्या. "यांच्या बुचांवर तुमच्या हातानं लाख लावा, दोरा बांधा. अवसेला ती लाख तुम्हीच फोडा. हे पाणी नळात गेलेलंच नाही. यात सोनबा येईल का?"

"ठिवा की," भगत मिशीत हसला. "बाटलीत मानूस मावत न्हाई."

ते आठ दिवस साळूबाईनं कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. बिनपावडरीच्या बाटलीत लाल दिसलं तर सोनबा नळात नव्हता. नाही दिसलं, तर तो आहे. आपल्याला काय व्हावंसं वाटतंय, हेच तिला कळत नव्हतं.

अवसेला ती अनवाणी, गाठोडं घेऊन टाकीपाशी आली. भगतानं आपलीच लाख फोडली. पहिल्या बाटलीत लाल गोळे तरंगत होते, पोलादाचा तुकडा काळा पडला होता आणि बूच निघताच तीच सडकी घाण सुटली. दुसऱ्या बाटलीतलं पाणी नितळ होतं, तुकड्यावर जरासा गंज, बस्स.

म्हातारी ठकुबाई पुढं आली. "ग्यानू, बाटलीत मानूस मावत न्हाई म्हनला हुतास न्हवं? मग ह्यो कोन बसलाय?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि भगताच्या अंगातलं वारं तिथंच उतरलं.

रघुवीरनी दवाखान्यातलं सूक्ष्मदर्शक मांडलं आणि आधी साळूबाईला बोलावलं. तिनं डोळा लावला. लोकरीच्या तुटक्या धाग्यांसारखं काहीतरी दिसत होतं.

"हे जंतू. झऱ्याच्या पाण्यात लोह असतं, त्यावर हे जगतात आणि नळाला लाल चिकटा धरतो. त्या चिकट्याखाली हवा पोचत नाही, तिथं दुसरे जंतू बसतात. ते पोलाद आतून पोखरतात, काळं करतात, घाण वास सोडतात. पाणी वाहतं ठेवलं तर त्यांना फारसा जम बसत नाही. तुम्ही पाळणूक करून आठ दिवस पाणी कोंडता, म्हणजे त्यांची पंगतच मांडता. वाकणाशी चिकटा जास्त साठतो. भगत नेमके तिथंच ठोके मारतात, खपल्या सुटतात आणि तुम्ही म्हणता रक्त आलं."

"आन् कन्हतंय त्ये?" तिनं हळूच विचारलं.

"कोंडलेली हवा आहे ती, साळूबाई. दुसरं कुणी नाही."

मग कामाला हात लागले. टाकी घासली, आतून चुना दिला. नळात पावडरीचं कडक पाणी भरून एक दिवस ठेवलं, त्या दिवशी तोटीवर रघुवीर स्वतः बसून राहिले, कुणी चुकून पिऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी धुऊन काढलं तेव्हा लाल, काळं, लाल असं घटकाभर वाहिलं आणि मग पाणी स्वच्छ आलं. आतलं पोलाद जागोजाग पोखरलेलं निघालं. आणखी दोन वर्षं पाळणूक चालती तर नळच उरला नसता.

लोक पाणी भरत होते आणि साळूबाई चिंचेखाली बसून मोठ्यानं रडत होती. सोनबा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. "तीन वरसं म्या त्येला मरू दिला न्हाई," ती ठकुबाईला म्हणाली. "रोज दुकतंय का म्हनून इचारत हुते. त्येला कवाच कायबी दुकत नव्हतं." ठकुबाईनं तिला जवळ ओढलं. गाठोडं पाटलांनी स्वतः उचलून तिच्या घरी नेऊन ठेवलं आणि माफी मागितली. मागायलाच पाहिजे होती.

पण माणसाची खोड अशी सहज जाते थोडीच. टाकीत टाकायला रघुवीरनी पावडरीचा डबा टाकीशी ठेवला होता आणि मापाचा चमचा साळूबाईकडे दिला होता. आठवड्यानं ते आले तर डब्याला हळदकुंकू लागलेलं, पुढं नारळ फुटलेला. शेजारी ज्ञानू भगत बसून पुटपुटत होता आणि देवाची म्हणून मूठमूठ पावडर टाकीत सोडत होता.

रघुवीर काही बोलणार, तेवढ्यात साळूबाईनं भगताच्या हातातून डबा काढून घेतला. पदरानं कुंकू पुसलं, रघुवीरनी दिलेला मापाचा चमचा कमरेचा काढला.

"कंपौंडरसायबांनी सांगितलंय, जास्त पडली तर हीच पावडर पोलाद खाईल," ती म्हणाली. "हिला पुजायचं न्हाई, बाबा. मापानं टाकायची."