पाणकणसाला बंदी

कडावच्या अलीकडल्या तलावावर 'पक्ष्यांसाठी राखीव' अशी पाटी लागली आणि त्याच वर्षी, एकोणीसशे ब्याऐंशी साली, जनाच्या हातचं काम गेलं. मुंबईहून पक्षी-समितीचे साहेब आले होते. वाडीतल्या बायका पाणकणीस कापतात म्हणून हिवाळी बदकं बिथरतात, असं त्यांनी परस्पर ठरवलं. कापणी बंद. बांधावर सखा नावाचा रखवालदार बसवला. जनाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

जनाचं डोकंच फिरलं. अरे, बदकं येत होती कुणाच्या जिवावर? पाणकणीस पुरुषभर वाढतं, आणि सोडून दिलं तर सगळा तलाव गिळून बसतं. सासूने तिला शिकवलं होतं, दिवाळी झाली की कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, मधलं सारं कापायचं आणि काठाची पट्टी तेवढी उभी ठेवायची. मोकळ्या पाण्यावर बदकं उतरायची, पट्टीच्या आडोशाला निजायची. कापलेल्या पात्यांच्या चटया वाडी विणायची. बदकं यायच्या आत काम उरकायचं, हीच त्यातली खरी अक्कल. वीस वर्षं जनाने हे केलं, आणि साहेबांनी दोन तासांत तिला पक्ष्यांची वैरीण ठरवली.

त्या दिवाळीनंतर पाण्यात कुणी उतरलं नाही. पौषात साहेब मोजणीला आले, गळ्यात दुर्बिणी, हातात वह्या. सकाळभर बांधावर उभं राहून दिसले किती, तर सात बगळे! एक बदक नाही. मग थोरले साहेब तडक जनाच्या दारात.

"चोरून कापतेस ना अजून?"

जना मिरची वाटत होती. तशीच उठली, कुडाला अडकवलेला विळा सवयीने कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला. दावा मला कुठं कापलंय ते."

सकाळभर दुर्बिणीतून नुसते पक्षीच शोधणारे साहेब आता काठावर येऊन थबकले. पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणकणीस. सखाने मान खाली घातली. त्याला हे कधीपासून दिसत होतं, पण नोकरीपायी तोंड उघडलं नव्हतं. जनाला त्याचाही संताप आला.

तेवढ्यात डोंगराच्या अंगाने बदकांचा थवा आला. चाळीसेक तरी होती. खाली आली, एक फेरी मारली, दुसरी मारली. उतरायला हातभर पाणी मिळेना. तिसऱ्या फेरीला वर चढली आणि खोपोलीकडे निघून गेली.

"बगितलंत?" जनाचा आवाज चिरकला. "इतक्या लांबनं आलती, आनि तुमी दार लावून बसलात!"

साहेब घाईघाईने वहीत लिहीत होते. "चाळीस," ते खुशीत सोबत्याला म्हणाले. "चला, तलाव राखीव केल्याचा फायदा झाला."

रागाने जनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लुगडं वर खोचलं, विळा काढला आणि पाण्यात पाय टाकला.

"जना, बंदी हाय गं," सखा पुटपुटला.

"मग ने मला धरून. पन आदी कापू दे."

साहेब ओरडायला लागले. जनाने मागे पाहिलं नाही. पहिली पेंढी कापली आणि काठावर, नेमकी त्यांच्या बुटांवर फेकली.

"ही पन मोजा, सायब."