गिअरची की बिनगिअरची

गुरांच्या डॉक्टरची जुनी जीप शेवटी ऐन चढावर बसली. गिअरबॉक्समधून आधी काहीतरी दळल्यासारखा आवाज आला, मग तोही थांबला. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून तिला खाली आणावं लागलं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं, बॉनेट पुन्हा लावलं आणि म्हणाला, बाई, हिला आता सुखाने जाऊ द्या.

डॉक्टरचं सगळं काम डोंगरउतारावरच्या गोठ्यांत. डांबरी रस्ता संपतो, मग खडीचा लागतो, आणि खडी संपली की नुसती चाकोरी. त्यामुळे चारही चाकांना जोर देणारी गाडी तिला हवीच होती. तिच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. शोरूममध्ये जायचं, गाडी घ्यायची, दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. पण तिचा नवरा, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा प्राध्यापक, म्हणाला की एवढी मोठी वस्तू घ्यायची तर नीट विचार करून घेऊ. तिथून घराची शांतता गेली.

गाडी कुठली यावर वाद नव्हता. वाद होता तो इंजिनचा आणि गिअरचा. डिझेल इंजिन हवं तर हाताने गिअर टाकायची गाडी तयार होती. ऑटोमॅटिक हवी तर पेट्रोलची तयार होती. डिझेल आणि ऑटोमॅटिक असं दोन्ही एकत्र हवं असेल, तर मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं होतं. प्राध्यापकांना अर्थातच तीच हवी होती. डिझेलला कमी वेगात टॉर्क जास्त, म्हणजे चढावर गाडी न कुरकुरता ओढते, आणि ऑटोमॅटिकमध्ये माणसाच्या चुकीला जागा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं त्यांनी व्हिडिओ पाहून मिळवलं होतं. कुठल्या कुठल्या वाळवंटांत अनोळखी माणसं गाड्या रुतवत होती आणि काढत होती, आणि प्राध्यापक सोफ्यावर पाय घेऊन ते पाहत होते. त्यांना स्वतःला घाटातलं दुसरं वळण आलं की मळमळायला लागायचं. डॉक्टरबरोबर कामावर ते आजवर एकदाही गेले नव्हते.

दुसरी बाजू होती आप्पांची. आप्पा म्हणजे डॉक्टरचे वडील. उभा जन्म त्यांनी डोंगरातून लाकडाचे ट्रक खाली आणले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यावर लायसन परत करून ते लेकीकडे राहायला आले होते. त्यांच्या मते ऑटोमॅटिक ही गाडीच नव्हती, ते चाकं लावलेलं कपाट होतं. गाडी माणसाने चालवायची, गाडीने माणसाला नाही. डिझेल घ्या, गिअरची घ्या, आणि विषय संपवा. शिवाय लेकीला गाडी त्यांनीच शिकवलेली. भेटेल त्याला ते सांगत, आमच्या हिने क्लच सोडला की बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. अलीकडे हे वाक्य ऐकताना डॉक्टर नुसती हसायची.

हसायची, कारण तिचा डावा गुडघा कामातून जात चालला होता. एका कालवडीने लाथ घातली होती. तेव्हा नुसती सूज आली आणि गेली. पण हळूहळू तो आतून झिजत गेला. दिवसभर क्लच दाबून घरी आलं की गाडीतून उतरताना ती आधी दार धरून उभी राही, पाय खाली टेकवून पाही, मग चालायला लागे. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने गुडघ्याचे व्हिडिओ पाहिले असते. आणि आप्पांना सांगायचं तर त्यांच्या त्या वाक्याचं काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

दरम्यान कामं थांबत नव्हती. ती दूधसंकलनाच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर अंग चोरून बसायची, व्हॅन जाईल तिथवर जायची आणि पुढे बॅग खांद्याला लावून चढायची. संध्याकाळी दमून घरी यावं तर जेवणाच्या टेबलावर टॉर्क. ताट वाढून घेईपर्यंत टॉर्क, हात धुवून येईपर्यंत टॉर्क. सासरे-जावई एरवी एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत. आता त्यांना एकमेकांवाचून करमेना. एकदा ती वैतागून म्हणाली की मला कुठलीही चालेल, फक्त घ्या. दोघांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने देवघरात चप्पल नेली होती. मग आप्पा म्हणाले, कुठलीही कशी चालेल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

शेवटी तिनेच शोरूमला फोन करून शनिवारी सकाळी गाडी चालवून पाहायची वेळ ठरवली. एकटी जाणार होती. पण दोघंही कपडे करून दारात उभे होते.

सेल्समन तरतरीत होता, फक्त त्याला एक खोड होती. प्रश्न डॉक्टरने विचारला तरी उत्तर तो प्राध्यापकांना द्यायचा. तिने विचारलं मागचं सीट पूर्ण आडवं होतं का, तर तो म्हणाला, होतं ना सर. तिने विचारलं आतला तळ पाण्याने धुता येतो का, तर तो म्हणाला, सर, वर मॅट मिळते. आप्पांनी बॉनेट उघडायला लावलं, आतल्या काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाकडे बघून इंजिन कुठे आहे असं विचारलं, आणि नाराज होऊन मागे जाऊन बसले.

पेट्रोलची ऑटोमॅटिक कुणीतरी चालवायला नेली होती, म्हणून आधी डिझेलची गिअरवाली निघाली. डॉक्टर चालवायला, शेजारी सेल्समन, मागे नवरा आणि वडील. बॅग तिने सवयीने डिकीत टाकलीच होती. शहराबाहेरच्या चौकापर्यंत जाऊन परत फिरायचं, असा शोरूमचा नेम होता. चौक समोर दिसायला लागला आणि फोन वाजला. वरच्या उतारावरच्या गोठ्याची मालकीण होती. गाय पहाटेपासून कळा देत होती, वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता, आणि आता तिने कळा देणंही सोडलं होतं.

डॉक्टरने चौकातून गाडी परत न फिरवता सरळ डोंगराकडे घेतली. सेल्समनने तिला समजावून पाहिलं की ठरलेल्या रस्त्याबाहेर जायला परवानगी नाही. तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली की उतरायचं असेल तर इथे उतरा, शोरूमला मी सांगते. तो उतरला नाही. गाडी त्याच्या जबाबदारीवर होती. पट्टा घट्ट करून तो गप्प बसला. बहुधा पहिल्यांदाच त्याला कळलं असावं की ग्राहक कोण आहे.

मागचे दोघे मात्र गप्प नव्हते. खडी लागली तसे आप्पा पुढे वाकले आणि आता दुसऱ्यात घे, आता पहिल्यात घे, असं प्रत्येक वळणाला सांगू लागले. प्राध्यापकांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी डोळे मिटून सांगितलं की चढासाठीची जादा जोराची लो रेंज मघाशीच लावायला हवी होती. लो रेंज तिने कधीच लावली होती. ती दात आवळून चालवत होती. वैताग तर होताच, पण गुडघ्यात खिळा ठोकल्यासारखं होत होतं, आणि ही नवी गाडी, तिचा क्लच जुन्या जीपपेक्षा जड होता.

गोठ्याआधीच्या शेवटच्या चढावर चाकोरीत पाणी साचलं होतं. पुढून मेंढ्या आडव्या आल्या, तिला थांबावं लागलं. मेंढ्या गेल्या, ती निघाली, आणि क्लच अर्ध्यावर असताना तिचा डावा पाय एकदम निसटला. त्यात जोरच उरला नव्हता. गाडीने उसळी मारली, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरायला लागली. तिने उजव्या पायाने ब्रेक दाबला, हाताने हँडब्रेक ओढला. मागचं एक चाक चराच्या काठावर येऊन थांबलं.

मग आप्पा म्हणाले, अगं, असा कसा सोडलास क्लच.

डॉक्टर मागे वळली.

"पाय गेलाय माझा, आप्पा. डावा गुडघा. वर्ष होऊन गेलं. क्लच दाबला की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? तुम्ही इंजिन विचारलंत, यांनी गिअर विचारले. टॉर्क विचारला, मायलेज विचारलं. गाडी चालवणार कोण, तिचे हातपाय धड आहेत का, हे एकाने तरी विचारलं का?"

सेल्समन एव्हाना दार उघडून खाली उतरला होता आणि कडेच्या दगडावर बसला होता. मी या चढावर चालवणार नाही, असं त्याने हात जोडून सांगितलं. आप्पांना रस्ता धुरकट दिसत होता. डॉक्टरने बॅगकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. चालत जाणं आज जमणार नव्हतं. मग ती नवऱ्याला म्हणाली, अहो, लायसन आहे ना, तुम्ही बसा इकडे.

प्राध्यापकांनी आयुष्यात प्रथमच काही आकडेवारी न मागता होकार दिला. आप्पा त्यांच्या शेजारी येऊन बसले. पहिल्यांदा गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. आप्पांनी आवाज चढवला नाही. डोळे मिटून घेतले आणि नुसत्या इंजिनच्या आवाजावर सांगत राहिले, थोडा सोड, थांब, ऐक, धरलं तिने, आता गॅस दे, घाबरू नकोस. जावयाला ते पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गाडी घरघरत, मागचं चाक चिखल उडवत वर चढली.

गोठ्यात वासराचा दुसरा पाय आत मागे दुमडलेला होता. डॉक्टरने कोपरापर्यंत साबण लावला, वासराला आधी थोडं आत लोटलं, खूर तळहातात झाकून तो पाय सरळ केला आणि मग दोन्ही पायांना दोर बांधले. दोर ओढायला मालकीण आणि आप्पा होते. गुडघे टेकून बसणं शक्य नसल्याने तिने हे सगळं उजव्या कुशीवर पडून केलं. वासरू आलं तेव्हा हलत नव्हतं. तिने नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, नाकपुडीत गवताची काडी घातली. ते शिंकलं. मालकीण पदराने डोळे पुसू लागली.

बाहेर प्राध्यापक गाडीला टेकून उभे होते. त्यांची डावी पोटरी अजून थरथरत होती आणि ते तिच्याकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघत होते. डॉक्टर बादलीत हात धुवायला आली.

"हे तू रोज करतेस?" त्यांनी विचारलं.

"दिवसातून तीन-चार वेळा," ती म्हणाली आणि टॉवेल मागितला.

उतरताना तिनेच चालवलं. पहिल्या गिअरला गाडी आपली आपण हळूहळू उतरते, क्लचला हात काय पाय काय लावावा लागत नाही. वाटेत दगडावरून सेल्समनला उचललं. गाडी आतून बाहेरून चिखलाने आणि शेणाने माखली होती, आणि गोठ्याचा वास सीटमध्ये मुरला होता. शोरूमचा मॅनेजर बाहेर येऊन पाहत राहिला. डॉक्टरने त्याची माफी मागितली, धुण्याचा खर्च देते म्हणाली.

प्राध्यापकांना तेवढ्यात तरतरी आली होती. आज जे झालं त्यावरून डिझेल ऑटोमॅटिकच योग्य हे सिद्ध होतं, थोडं थांबलो तर, असं ते म्हणू लागले.

"पेट्रोलची ऑटोमॅटिक," डॉक्टर म्हणाली. "आजच."

"अगं, पण पेट्रोल पिईल ती..."

"पिऊ दे. पुढच्या वर्षापर्यंत गाई थांबतील का?"

ते आप्पांकडे मदतीसाठी वळले. आप्पा अजून गाडीतच बसून खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर आप्पा कुणाशी बोलेनात. कपाट घेतलं म्हणून रागावले असतील असं तिला वाटलं, आणि तिचंही डोकं फिरलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती, तेव्हा ते आत आले. खुर्ची ओढून समोर बसले.

"मी त्या पायाचं कौतुक करत हिंडायचो, म्हणून तू बोलली नाहीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हो."

आप्पांनी मान हलवली. मग पिशवी नीट बसत नव्हती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. बर्फ वितळेपर्यंत ते तसेच बसले होते. मध्येच कधीतरी म्हणाले की त्या वासराची ठेवण चांगली होती.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढे झालं. पाय पट्टीत होता तरी ती हाडांच्या डॉक्टरांची परवानगी मिळताच कामाला निघाली, कारण या गाडीला डावा पाय लागतच नव्हता. गाडी पेट्रोल खात होती, हे खरं होतं. चढावर ती न कुरकुरता जात होती, हेही खरं होतं. सुट्टीच्या दिवशी आता दोघेही तिच्याबरोबर यायला लागले. आप्पा पुढे बसून उतारावर गिअर खाली धरायला सांगत. प्राध्यापक मागे खिडकी उघडी ठेवून बसत.

परवा ती एका गोठ्यात मेंढीला इंजेक्शन देऊन परत आली, तर गाडीत जोरजोरात बोलणं चाललं होतं. चिखलासाठी टायर रुंद असावेत की अरुंद, यावर दोघांचं जुंपलं होतं. तिने दार उघडलं तरी कुणी थांबलं नाही. ती बसली, पट्टा लावला आणि गाडी सुरू केली.