लस लागू पडली

बाबा निवृत्त कंडक्टर. रक्ताचा कॅन्सर झाला तरी जिभेवरची बस काही थांबली नव्हती. लसीच्या रांगेत मागून रेटारेटी सुरू झाली, तसे ते वळून म्हणाले, "सावकाश! सगळे चढल्याशिवाय डबल बेल देत नाही मी." आई पदराआड हसली.

मुलगी कोरोना वॉर्डात नर्स. बाबांची केमो सुरू झाल्यापासून ती मैत्रिणीकडे राहायची. औषधं दाराशी ठेवायची आणि जिन्यात खाली उभी राहून बोलायची. "किती वाळलीस गं," एवढंच आई म्हणायची.

डॉक्टरांनी दोन केमोंच्या मधला दिवस बघून लस घ्यायला सांगितलं होतं. "घ्याच. पण केमोनं शरीर थकलंय. लस कितपत लागू पडेल, सांगता येत नाही. सांभाळूनच राहा."

दुसरा डोस झाला. थोडे दिवस गेल्यावर बाबांनी लेकीला फोन लावला. "आता घरी ये."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"नाही विसरलो. पण अजून वाट बघायला माझ्याकडे वेळ आहे का? नर्स आहेस, तूच सांग."



रजा टाकून, तपासणी करून ती आली. खिडक्या उघड्या, तोंडावर दोन मास्क. बाबांनी तिचा हात ओढून घेतला. सतत धुऊन धुऊन कातडी तडकली होती. "काय करून घेतलंस हे पोरी," म्हणत त्यांनी स्वतःच्या पायाचं मलम तिच्या बोटांना चोळलं. तिचे मास्क भिजले. बदलायला हवे होते, पण तिला हात सोडवेना.

पुढच्याच महिन्यात बाबांना ताप भरला. दवाखान्यात नेलं. तपासणीत कोरोना निघाला नाही, म्हणून तिला खाटेजवळ बसू दिलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, आजार हाताबाहेर गेलाय. आता फक्त दुखू द्यायचं नाही.

ती परत आली तेव्हा बाबा जागे होते. "रिपोर्ट काय गं?"

"कोरोना नाही, बाबा."

"बघ!" त्यांचा चेहरा खुलला. "लागू पडली की लस. उगाच घाबरत होतीस."

"हो, बाबा," ती म्हणाली. "लागू पडली."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मग ते फारसं बोलले नाहीत. दोन दिवसांनी, आई त्यांचे ओठ ओल्या कापसानं टिपत असताना, श्वास थांबला. आईच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. ती टिपतच राहिली. लेकीला कळलं होतं, पण तिनं आईला थांबवलं नाही.