रविवारच्या पाटवड्या

केशरबाईंनी मटण सोडलं त्याला ज्योत्स्नाच्या संसाराइतकीच वर्षं झाली होती. ज्योत्स्ना नवरी होऊन घरात आली आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी मटण, मासळी, अंडी, सगळ्यालाच एकदम सोडचिठ्ठी दिली. का म्हणून विचारलं की म्हणायच्या, "मन उडालं." एवढंच. भावकीतले लोक हसायचे, केशरबाई आता माळकरीण होते का काय म्हणायचे. वस्तीतल्या बायकांना हसण्यापेक्षा वेगळं काम होतं. "सून आली आन् सासूनं ताट वेगळं केलं," असं एकजण नळावर बोलली, ते ज्योत्स्नाच्या कानावर आलं, आणि तिच्या मनात जे रुतून बसलं ते आजतागायत निघालं नव्हतं.

बरं, केशरबाईंनी कुणाला उपदेश केला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी तोही कधी केला नाही. स्वतःचं एक पितळी पातेलं आणि एक पळी बाजूला ठेवली, बाकीच्यांना म्हणाल्या खुशाल खा. पण वेगळं पातेलं म्हणजे वेगळी भाजी, आणि वेगळी भाजी कुणी करायची? सुनेनं. सासरे अप्पाराव होते तोवर सणावाराला, सुट्टीला सगळे गावी जमायचे, तेव्हा ज्योत्स्ना दोन चुलींमध्ये नाचायची. एकदा मटणाच्या रश्श्यातली पळी चुकून त्या पातेल्यात गेली. केशरबाई काही न बोलता उठल्या आणि कोरडी भाकरी ठेच्याशी खाऊन झोपल्या. ज्योत्स्नाला शिवी चालली असती, ती मुकाट भाकरी नाही चालली.

अप्पाराव गेल्यावरही केशरबाई अंबड तालुक्यातल्या त्या गावात एकट्याच राहिल्या. आपलं रांधायच्या, आपलं खायच्या. मग गॅस चालू राहू लागला, दळण गिरणीतच राहू लागलं, आणि एक दिवस स्वतःच्या घराची वाट शेजारणीला विचारली. तेव्हा राजानंद जाऊन आईला जालन्याला घेऊन आला. तो एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर, ज्योत्स्ना घरीच ब्लाउज शिवायची. पितळी पातेलंही सोबत आलं.

केशरबाईंची आठवण कशी झाली होती म्हणाल, तर सकाळी वंदना आणि पंचशील अडखळल्याशिवाय म्हणायच्या, आणि उठल्यावर समोरच्या मुलाला अप्पाराव म्हणायच्या. काही सकाळी मात्र सगळं लख्ख असायचं. त्या कधी ठिकाणावर असतील, कधी नसतील, याचा काही नेम नव्हता.

असाच एक रविवार. ज्योत्स्नानं मटणाला फोडणी दिली, घरभर वास सुटला. केशरबाई काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"ज्योत्स्ना, मला बी दे गं वाटीभर. रस्सा पातळच ठेव."

ज्योत्स्नाचा हात पातेल्यावरच थांबला. तिला वाटलं, चेष्टा करतायत. पण केशरबाई खाली बसल्या, पदर सावरला आणि ताटाची वाट बघू लागल्या. राजानंद हसतच आत आला.

"दे की मंग. एवढ्या वर्षांनी मागून राह्यली माय."

"त्या खात न्हाईत."

"खात नव्हती. आता मागून राह्यली ना? डॉक्टर काय म्हनले? अंगावर मांस न्हाई राह्यलं, अंडं द्या, सूप द्या. आन् इथं ती आपल्या तोंडानं मागती."

"उद्या ठिकाणावर आल्या आन् इचारलं, तर?"

"तिच्या कुठं ध्यानात राह्यतंय?"

"माझ्या राह्यतंय ना," ज्योत्स्ना म्हणाली.

बोलून गेली आणि स्वतःच चपापली. जिच्या पातेल्यानं सारा जन्म जीव खाल्ला, तिच्याच पातेल्याची राखण करायला आपण कधीपासून लागलो, हे तिला सांगता आलं नसतं. राजानंदचं म्हणणं काही खोटं नव्हतं. म्हातारं माणूस, मागतंय, द्यायला काय जातं? पण या बाईनं एवढी वर्षं जे पाळलं ते तिच्या बेसावधपणात आपल्या हातानं मोडायचं, हे ज्योत्स्नाला चोरीसारखं वाटत होतं. तिनं वरण-भाकरी वाढली. केशरबाईंनी ताट सरकवलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. वरणाला हात लावायच्या नाहीत, आणि तो रुसवा मग सोमवारपर्यंत चालायचा. वर भिंतीपलीकडच्या मैमूनाला हाक मारून सांगायच्या, "सून मला खायाला देत न्हाई." मैमूना ईदला त्यांच्यासाठी न चुकता नुसता शीरखुर्मा वेगळा काढून आणणारी, तिला सगळं ठाऊक होतं. तरी तीही एकदा हळूच म्हणाली, "भाभी, खालांचं मन किती मोडता? हाडं दिसून राह्यली त्यांची." ज्योत्स्नाला तोंड वर काढायला जागा राहिली नाही. केशरबाई खरंच वाळत चालल्या होत्या. ब्लाउज दोनदा आत घ्यावा लागला, तोही ज्योत्स्नालाच.

मग तिला युक्ती सुचली. सुचली तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

घरात येसर होतंच. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ रश्श्यात कालवलं की लग्नाच्या पंगतीतली आमटी होते, आणि तेलाचा तवंग आला की बघणाऱ्याला मटणाचा रस्साच वाटतो. ज्योत्स्नानं पितळी पातेल्यात येसराचा रस्सा केला. बेसन घट्ट शिजवून ताटात थापलं, जाडजूड वड्या पाडल्या आणि त्यातल्या निम्म्या रश्श्यात सोडल्या. मग मोठ्यानं हाक मारली,

"या आत्या! मटण झालंय!"

केशरबाई आल्या. भुकेनं नाही, हौसेनं आल्या. भाकरी कुस्करून जेवल्या, रस्सा पुन्हा मागितला, आणि ताट बोटानं पुसून घेतलं. "मऊ शिजलंय," असंही म्हणाल्या. राजानंदनं बायकोकडं बघितलं आणि हात जोडले. दर रविवारी मग हेच सुरू झालं. घरात खरं मटण शिजायचं आणि खोटंही शिजायचं, व्रत शाबूत होतं, म्हातारी खूश होती, वजनही जरा धरलं. ज्योत्स्नाला वाटलं, सुटलो.

एका सोमवारी ती चहा घेऊन गेली तर केशरबाई भिंतीला टेकून बसलेल्या. वंदना झाली नव्हती. तांब्या रिकामा पडलेला, समोरची फरशी ओली. चुळा भरून भरून त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं, आत्या?"

केशरबाईंनी वर बघितलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"मी काल मटण खाल्लं."

"न्हाई ओ आत्या. ते मटण नव्हतं."

"तू हाक मारलीस. मटण झालंय म्हनलीस. मी आले आन् बसून खाल्लं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "एवढं पाळलं गं. आन् आता जाता जाता..."

ज्योत्स्ना त्यांच्यासमोर खालीच बसली. पाटवड्या होत्या, येसर होतं, तुमच्याच पातेल्यात केलं होतं, सगळं सांगितलं. केशरबाई मान हलवत राहिल्या. त्यांच्या पातेल्यात मटण शिजवलं, असंच त्यांनी त्यातनं घेतलं आणि जास्तच कळवळून रडू लागल्या. ही बाई रडते हे ज्योत्स्नानं अप्पाराव गेले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आज.

"बरं, मला सांगा," ज्योत्स्ना म्हणाली, "ताटाच्या कडंला हाड निघालं का एक तरी?"

केशरबाई थांबल्या. आठवू लागल्या. "न्हाई. ताट साफ होतं. पण मला दात न्हाईत म्हनून तू सोडवून दिलं असशील."

ज्योत्स्ना उठली. रश्श्यात न सोडलेल्या वड्या फ्रिजमध्ये डब्यात होत्या, त्यातली एक आणून तिनं केशरबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी हुंगली, मोडली, कण बोटांत चुरून बघितला. मग एवढासा जिभेवर ठेवला.

"बेसन हाय."

"बेसनच हाय. बिलकुल दुसरं काई न्हाई. कालचं बी, त्याच्या आधीचं बी."

केशरबाईंनी मोठा श्वास सोडला. ज्योत्स्नालाही हायसं वाटलं, चहा गरम करून आणावा म्हणून ती उठायला लागली. तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं.

"मंग मटण म्हनून काहून बोलावलं मला?"

"तुम्ही जेवत नव्हत्या. जेवाव्या म्हनून."

"खोटी हाक मारू नये, बाई," केशरबाई म्हणाल्या. रागानं नाही. "मी मारल्ती एकदा."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"चांद्या व्हता आपला. बोकड. कपाळावर पांढरा ठिपका, म्हनून चांद्या. त्याची माय मेली, तर मीच वाटीनं दूध पाजून वाढवल्ता. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यायला मटण करायचं ठरलं. मानसं धरायला आली तसा पळाला, वढ्याकडं बाभळीत जाऊन उभा राह्यला. कुनाच्या हाती येईना. तुझे मामंजी म्हनले, तू हाक मार, तुझ्याच आवाजाला येतो. मी मारली. रोज भाकरीच्या तुकड्याला मारायची तशीच. आला बिचारा. पळतच आला. माझ्या हातात भाकर बी नव्हती."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ज्योत्स्नाला तो ऐकूही आला नाही. तिला ते जेवण आठवलं. हिरव्या साडीतली नवी नवरी, जाऊबाईंच्या आग्रहाखातर बसलेली, आणि पंक्तीत वाढायला स्वतः सासूबाई. मटण लोण्यासारखं होतं. तिनं लाजत लाजत पुन्हा मागून घेतलं होतं.

"मला वाढलं तुम्ही ते," ती म्हणाली.

"वाढलं. सगळ्यायला वाढलं. तुला आवडल्तं."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं, आत्या? मला तर वाटलं, मी आले म्हनून तुम्ही..." पुढचं तिच्या तोंडून निघेना.

केशरबाईंना नवल वाटलं. "तुझा काय संबंध त्यात? नवी नवरी तू. तुझ्या लग्नाचं जेवन ते. सांगून तुझ्या तोंडातला घास कडू करू का मी?"

ज्योत्स्ना रडली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं असं तिचं वय नव्हतं आणि तसं त्यांचं नातंही नव्हतं, पण रडली. नळावरच्या एका बाईचं बोलणं खरं धरून आपण एवढी वर्षं या माणसाशी कुढत राहिलो, याची तिला भयंकर लाज वाटली. केशरबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, अप्पाराव शेतातनं आले का?

रविवार आला. मटण शिजलं, कारण राजानंदला हवं होतं आणि ज्योत्स्नालाही आवडायचं, ते काही बदललं नव्हतं. बाजूला पितळी पातेल्यात येसर उकळत होतं. केशरबाई काठी टेकत दारात आल्या.

"मला बी दे गं वाटीभर मटण."

"ते तुमचं न्हाई, आत्या. तुम्ही मटण खात न्हाई."

"मी? कोन म्हनलं?"

"तुम्हीच."

केशरबाईंचा चेहरा रुसायला लागला. ज्योत्स्नानं दोन्ही शेगड्या बंद केल्या, त्यांना बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि चांद्याची गोष्ट सांगायला घेतली. वाटीनं दूध पाजलं तिथपासून. राजानंद ताट घेऊन दाराशी आला तो तसाच उभा राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं. केशरबाई दुसऱ्या कुठल्या गावची हकीगत ऐकावी तशा मान पुढं करून ऐकत होत्या.

"आन् तिनं हाक मारल्यावर आला का तो?"

"आला. पळतच आला."

"आन् तिच्या हातात?"

"काईच नव्हतं."

केशरबाई स्वतःच्या रिकाम्या हाताकडं बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. ज्योत्स्नाला क्षणभर वाटलं, सांगायलाच नको होतं. खोटं बोललो असतो तर आतापर्यंत जेवून मोकळ्या झाल्या असत्या.

"मंग त्या बाईनं खाल्लं का ते मटण?"

"न्हाई."

"नंतर कधी?"

"कधीच न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली. "आजपर्यंत न्हाई."

"नक्की?"

"नक्की. मी बराबर होते ना तिच्या."

केशरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि जरा ताठ बसल्या.

"बरं केलं बाई तिनं," त्या म्हणाल्या. मग ताट जवळ ओढलं. "मला काय हाय मंग?"

"पाटवड्या."

"दे. जल्दी दे, भूक लागली."